मापं

दोनशे सतरा नंबरची पँट
अजून खिळ्याला लटकलीय माझ्या दुकानात.
राखाडी टेरिकॉट. बत्तीसची चौतीस केलेली.
ग्यानबा मापाऱ्याची.
बुधवारी टाकून गेला, शनिवारी नेतो म्हणाला,
आणि शुक्रवारी दिवेलागणीला मोंढ्यात
चनाप्पा शेट पडले
हळदीच्या थप्पीला पाठ लावून.

तेव्हापासून वसमतला दुसरं काम नाही.

काट्यावरचा एक हमाल म्हणतो,
शेटनं वीस वर्षं मापात पाप करायला लावलं,
सोसंल किती मानूस.
दुसरा म्हणतो, पापात वाटा मागितला,
दिला न्हाई, म्हणून.
दोघं एकाच बिडीवर बोलतात.

बाजारात कळलं, बाईचं प्रकरण आहे.
कोणती बाई, ते सोमवारपर्यंत ठरलं नव्हतं.
मंगळवारी ठरली.
बुधवारी ती पोरांची नावं शाळेतून काढून
पहिल्या एसटीनं माहेरी गेली.

सुपारी दोन लाखांची होती म्हणे.
चहा संपेपर्यंत नऊवर गेली.
हळदीलाही असा भाव
या मोंढ्यात कधी चढला नाही.

नांदेडहून एक गाडी आली, टपावर छत्री असलेली.
तिच्यातला पोरगा माझ्याच पायरीवर उभा राहून म्हणाला,
हेतू अद्याप गुलदस्त्यात आहे.
मग दम घेऊन पाच हेतू सांगितले,
एकेक बोट दुमडत.
नंतर आत आला. म्हणाला,
चाचा, बाहीचं बटन तेवढं लावून द्या,
पुन्हा लाइव्ह जायचंय.
लावून दिलं. दहा रुपये घेतले.

मला एकच ठाऊक होतं.
ग्यानबा जाताना दारातून माघारी फिरला होता.
मास्तर, ढिली करा, पण आतलं कापड कापू नका,
अंग सुटायलंय,
पुढच्या साली अजून लागंल.

ज्याला शुक्रवारी कुणाला मारायचंय
तो बुधवारी पुढच्या सालाचं कापड राखून ठेवतो का?
एवढंच मी पानवाल्या मुंजाजीला विचारलं.
रात्री ते माझ्याकडंच परत आलं,
कपडे बदलून:
जेलात बसून अंग सुटतं,
हे त्याला आधीच माहीत होतं.
पक्का डाव, मास्तर. पक्का डाव.

तौसीफ म्हणाला, अब्बा, तुम्ही आता बोलूच नका.

काल शटर अर्धं ओढून
मी त्या पँटच्या खिशात हात घातला.
छत्तीस वर्षांत कुणाच्या खिशात घातला नव्हता.
चिठ्ठी नाही, पैसा नाही,
शिवणीत बसलेली हळद फक्त.
नखं पिवळी झाली,
आणि खोटं कशाला बोलू,
त्या नखांकडं बघत
मीही एक कारण शिवलं.
बाई नाही, सुपारी नाही, तिसरंच.
कुठं ओढत नव्हतं, कुठं झोळ नव्हता,
बेतल्यासारखं बसलं ग्यानबाच्या अंगावर.

इतकं नीट बसणारं कापड
माझ्या हातून आजवर एकदाही शिवलं गेलेलं नाही.
म्हणून भ्यालो. दिवा मालवून घरी गेलो.

आज सकाळी त्याची बायको आली.
समोरचा चहावाला उकळी सोडून बघत राहिला,
दोघं तिघं सहजच म्हणून रफू विचारायला आले.
ती कुणाकडं बघितली नाही.
परवा तारीख आहे, म्हणाली,
घालायला धड काही नाही. पँट द्या.

दिली. तिनं कमरेजवळ दोन्ही हातांनी धरली,
हवेतच, ग्यानबा आत असल्यासारखी,
आणि परत केली.

मास्तर, आवळून द्या. लई वाळलेत.

किती आवळू, विचारलं.
ती गप्प. माझ्या गळ्यातली टेप तशीच लोंबत राहिली.
माणूस समोर नव्हता.
मी शिवण उसवली
आणि अंदाजानंच टाके घातले.